एक मिरची की दहा?

बालमित्रांनो, गरमगरम बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर तेलाची धार आणि शेजारी बुक्कीनं फोडलेला कांदा! वाचूनच तोंडाला पाणी सुटलं ना? दौंड तालुक्यातलं कासुर्डी घ्या, नाहीतर शेजारच्या शिरूर तालुक्यातलं एखादं गाव घ्या, हा बेत तिथं कुणाला नवा नाही. मिरच्या आणि लसूण तव्यावर तेलात परतायचे, मीठ आणि भाजलेले शेंगदाणे घालायचे आणि तांब्याच्या बुडानं तव्यावरच रगडायचं. झाला ठेचा!

कृती सोपी आहे. अवघड आहे तो एकच प्रश्न : मिरच्या किती घ्यायच्या? आजीला विचारलंत तर ती म्हणेल, "मिरची बघून घे." उत्तर मोघम वाटतं; पण ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

तिखट लपलंय कुठे?

मिरचीला तिखट करतं ते कॅप्सेसिन नावाचं द्रव्य. पुष्कळांना वाटतं, तिखट बियांत असतं. खरं म्हणजे बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात, त्या गरात ते तयार होतं. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. म्हणून मिरचीचं टोक खाल्लं तर कमी झोंबतं आणि देठाकडचा भाग चांगलाच झोंबतो.

मिरची जिभेला खरंच भाजत नाही बरं का! उष्णता ओळखणारी जी यंत्रणा आपल्या शरीरात आहे, तिलाच कॅप्सेसिन चेतवतं आणि मेंदूला वाटतं, तोंड भाजलं! ही यंत्रणा शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पक्ष्यांच्या यंत्रणेवर मात्र कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. म्हणून तर पोपट मिरच्या मजेत खातो.

तिखटाची मोजपट्टी

१९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं एक युक्ती काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात मिसळायचा आणि तिखट लागेनासं होईपर्यंत पाणी वाढवत जायचं. जितकं जास्त पाणी लागेल, तितका मिरचीचा आकडा मोठा! आता हे काम यंत्रं करतात. पण मोजमापाला नाव स्कोव्हिलचंच आहे.

ढोबळी मिरचीचा आकडा शून्य. आपल्या ईशान्य भारतातल्या भूत जोलोकियाचा आकडा १० लाखांच्या वर गेला आणि २००७ मध्ये ती जगातली सर्वांत तिखट मिरची ठरली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या 'पेपर एक्स'नं सुमारे २७ लाखांचा विक्रम केला.

आता गणित करा. समजा, तुमच्या घरच्या मिरचीचा आकडा ५० हजार आहे. मग एक ग्रॅम वाळलेली भूत जोलोकिया म्हणजे तशा २० ग्रॅम वाळलेल्या मिरच्या! म्हणूनच 'चार मिरच्या घ्या' असं पुस्तकात वाचून भागत नाही. चार लवंगी की भज्यांच्या चार मोठ्या मिरच्या? एकाच झाडाच्या दोन मिरच्यासुद्धा सारख्या तिखट नसतात.

अंदाज असा घ्या

ठेच्यात मिरची वाढवता येते, काढता येत नाही. म्हणून शेंगदाणे, लसूण, मीठ एका वाटीत ठेचून ठेवा आणि मिरच्या दुसऱ्या वाटीत. मग थोडी थोडी मिरची पहिल्या वाटीत मिसळा. काडीच्या टोकावर येईल एवढंच भाकरीच्या तुकड्याला लावून चाखा आणि मिनिटभर थांबा. तिखट चढायला वेळ लागतो! पुन्हा पुन्हा चाखलं की जीभ बधिर होते आणि अंदाज चुकतो. त्यामुळे दोन वेळा चाखलंत, की पुढची चव दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या.

जास्तच झालं, तर मिरची न घातलेलं दाण्यांचं मिश्रण वाढवा. गूळ घातला की तिखट कमी जाणवतं, पण कॅप्सेसिन तितकंच राहतं. तोंड भाजलं तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही बरं, कारण कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही.

मिरच्या परतताना खिडकी उघडी ठेवा, नाहीतर घरभर ठसका! चिरल्यावर साबणानं हात धुवा आणि तोवर डोळ्यांना हात लावू नका. भूत जोलोकियासारख्या मिरच्या मोठ्यांनीच हाताळाव्यात, तेही हातमोजे घालून. पैजेसाठी तर त्या कधीच खाऊ नयेत.

आणि हो, ठेचा घरातल्या सगळ्यांसाठी असतो. दादाला झणझणीत हवा असेल, पण धाकटीच्या डोळ्यांत पाणी येत असेल, तर मिरचीची वाटी वेगळी ठेवा आणि ज्याला हवी त्याला वरून वाढा. येत्या रविवारी आईबाबांना सोबत घेऊन करून पाहा बरं!