विधी ग्रंथालयाचे मोजमाप आर्वीपासून

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया अशा चार जिल्ह्यांचे आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीची मुलगी एलएल.बी.ला गेली की बहुधा याच विद्यापीठाची पदवी घेते आणि सनद मिळाली की अनेकदा आर्वीच्याच कोर्टात उभी राहते. नागपूर तिथून शंभरेक किलोमीटर. पुलगावला जाणारी छोटी रेल्वे कधीच बंद पडली, तेव्हा भरवसा एसटीचा. म्हणून विद्यापीठाचे विधी ग्रंथालय कसे असावे हे ठरवताना या दूरच्या वाचकापासून सुरुवात करायला हवी, असे माझे म्हणणे आहे. या विद्यापीठाचे विधी महाविद्यालय 1925 सालचे, आणि पुढे सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला तिथे शिकवत असत. अशा संस्थेकडून एवढी अपेक्षा करणे गैर नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनी किमान गरजा सांगितल्या आहेत: एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर), एससीसी (सुप्रीम कोर्ट केसेस), क्रिमिनल लॉ जर्नल यांसारख्या नियतकालिकांचे निदान दहा वर्षांचे मागचे खंड आणि पटावरच्या 25 टक्के विद्यार्थ्यांना पुरेल एवढी वाचनाची जागा. पण नुसत्या जागेने भागत नाही. कायदा वाचला कसा जातो ते पाहावे लागते. केशवानंद भारती खटल्याचा निकाल ‘एआयआर 1973 एससी 1461’ असा शोधतात. आधी वर्ष, मग न्यायालय, मग पान. खंड काढायचा, पान उघडायचे, हेडनोट म्हणजे प्रकाशकाने दिलेला सारांश वाचायचा आणि नेमका परिच्छेद गाठायचा. तिथे 1967 च्या गोलकनाथ निकालाची चर्चा भेटते, म्हणून त्या वर्षीचा खंड काढायचा. जोडीला राज्यघटनेची प्रत आणि टिपणांची वही. चार जाडजूड ग्रंथ एकाच वेळी उघडे राहतील असे रुंद टेबल या वाचनाला लागते, आणि तेही कपाटांच्या जवळ. बांधीव खंडांचे वजन मोठे असते, त्यामुळे ते तळमजल्यावरच शोभतात. विदर्भातला उन्हाळा लक्षात घेता पश्चिमेच्या भिंतीला मोठ्या काचा लावणे म्हणजे कागदाचा आणि वाचकाचा दोघांचाही छळ. उजेड उत्तरेकडून घ्यावा. मूट कोर्टची, म्हणजे सरावाच्या खटल्याची, तयारी करणाऱ्यांना मोठ्याने वाद घालावा लागतो, त्यांना दार बंद करता येईल अशी वेगळी खोली हवी.

आता सगळे मोबाइलवर मिळते, मग इमारत कशाला, असे कोणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ई-एससीआर सुरू करून आपले निकाल फुकट खुले केले. आर्वीच्या वकिलाला याहून मोठी मदत क्वचितच झाली असेल. पण निकाल मिळाला तरी तो आजही टिकून आहे की पुढे उलटवला गेला, हे खात्रीने सांगणारे डेटाबेस पैसे मोजून घ्यावे लागतात आणि तालुक्याच्या नव्या वकिलाला ते परवडत नाहीत. जुन्या कायद्याचाही प्रश्न आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी त्याआधी घडलेला गुन्हा भारतीय दंड संहितेखालीच चालतो. भूसंपादनाचा 1894 चा कायदा जाऊन 2014 च्या आरंभापासून नवा लागू झाला, पण जुन्या निवाड्यांवरचे वाढीव मोबदल्याचे वाद जुन्या कायद्यानेच पाहावे लागतात. निम्न वर्धा धरणासाठी ज्या भागातल्या जमिनी गेल्या, तिथे हा विषय नुसता पुस्तकी राहत नाही. जुन्या आवृत्त्या रद्दीत घालणारे ग्रंथालय अशा पक्षकाराच्या काय कामाचे?

दुसरा आक्षेप पैशांचा आणि परवान्यांचा. डेटाबेस कंपन्या वापरकर्ते मोजून दर लावतात, सगळ्या वकिलांना लॉगिन देणे विद्यापीठाला झेपणार नाही. हे मान्य. म्हणून संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना घरून लॉगिन द्यावे. वकील आणि नागरिक यांना ग्रंथालयात बसून वापरता येईल अशी दोन-चार यंत्रे ठेवावीत आणि परवान्याचा करार करतानाच तशी अट घालून घ्यावी. निकालाच्या मूळ मजकुराची प्रत देणे कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार सहसा उल्लंघन ठरत नाही. प्रकाशकाची हेडनोट वगळून ती प्रत ई-मेलने आर्वीला पाठवायला ग्रंथपालाला अडचण नसावी. खालच्या कोर्टांचे बरेच काम मराठीत चालते, तेव्हा कायद्यांचे मराठी पाठ आणि भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश दारातच हाताशी असावा. आणि कोर्ट बंद असते त्या रविवारी ग्रंथालय दिवसभर उघडे ठेवावे, कारण तालुक्याच्या वकिलाला मोकळा वार तोच. विद्यापीठाने सुरुवात रविवारपासून आणि लॉगिनपासून करावी. या दोन्ही गोष्टींना नवी इमारत लागत नाही.