प्रवाळांचे आजार : ओळख आणि उपचार

पोवळे हा शब्द ग्वाल्हेरच्या मराठी घरांत नवा नाही. मंगळाची पीडा टळावी म्हणून लष्करच्या सराफ्यातून पोवळ्याची अंगठी करून घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आम्लपित्तावर वैद्य देतात ती प्रवाळपिष्टीही अनेकांनी घेतली असेल. परंतु हे पोवळे म्हणजे खडा नसून एका प्राण्याचा सांगाडा आहे, हा विचार फारसा कोणाच्या मनात येत नाही. अंगठीतले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. त्याची दूरची भावंडे उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात खडक बांधतात, आणि हौशी लोक त्यांना काचेच्या टाकीत खारे पाणी भरून घरीही पाळतात. हा जीव आजारी पडला तर ते ओळखावे कसे आणि त्यावर इलाज काय, याची माहिती या लेखात द्यावयाची आहे.

प्रथम हा जीव कसा जगतो ते पाहू. प्रवाळ म्हणजे लहान लहान, तोंडाभोवती मिशा असलेल्या जीवांची वसाहत. दगडी प्रवाळ पाण्यातील चुना घेऊन आपल्याखाली सांगाडा रचीत जातात; मृदू प्रवाळांना असा अखंड सांगाडा नसतो. खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या मांसात एकपेशीय शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. घरमालक त्याला आसरा व खत पुरवतो. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंगही बहुतांशी या भाडेकरूचाच असतो. हा संसार बिघडला की आजार सुरू होतो, आणि तो बिघडतो तो बहुधा पाण्यामुळे. म्हणून पहिला नियम असा की, रोग प्रवाळावर दिसला तरी कारण पाण्यात शोधावे.

लक्षणे नीट पाहिली असता निम्मे निदान तेथेच होते. प्रवाळ पांढरा पडला, पण जवळून पाहिल्यास सांगाड्यावर काचेसारखे पारदर्शक मांस शिल्लक आहे, मिशा हलत आहेत, तर शैवालाने घर सोडले आहे, घरमालक जिवंत आहे. याला विरंजन म्हणतात. त्याचे नेहमीचे कारण उष्णता, किंवा एकाएकी वाढवलेला दिव्याचा प्रकाश. प्रवाळ पांढरा आहे आणि मांसच गळून नुसता दगड उघडा पडला आहे, तर तो भाग मेला. हे बुंध्याकडून हळूहळू वर सरकत असेल तर पाण्याच्या घटकांतील चढउतारांवर संशय घ्यावा; एक-दोन दिवसांत मांसाच्या चिंध्या होऊन सुटत असतील तर तो झपाट्याचा क्षय होय. मांसावर तपकिरी, दुर्गंधी बुळबुळीत थर आला तर तो संसर्ग असून शेजारच्या प्रवाळांनाही धोका आहे. रंग नुसताच मळकट तपकिरी झाला तर पाण्यात नायट्रेट वाढले आहे किंवा प्रकाश कमी पडतो आहे, असे समजावे. त्याने लगेच जिवाला अपाय होत नाही. मिशा आत ओढून जीव मिटून बसला असेल तर मासा टोचतो काय, शेजारचा प्रवाळ डंख करतो काय, हे पाहावे. प्रवाळ रात्री लांब तंतू सोडून जागेसाठी शेजाऱ्याशी भांडतात. चपटे कृमी आणि प्रवाळ खाणाऱ्या बिनशिंपल्याच्या गोगलगायीही बहुधा रात्रीच, लाल उजेडाच्या विजेरीने शोधल्यास सापडतात.

यानंतर मोजमाप. पाण्याचे तापमान पहाटे आणि दुपारी चार वाजता अशा दोन वेळा पाहावे. ते २५ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. क्षारता एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम. अमोनिया व नायट्राइट शून्य. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम. आम्ल सोसण्याची पाण्याची जी शक्ती असते, जिला बाजारात ‘केएच’ म्हणतात, ती ८ ते ९ जर्मन अंश. नेमक्या आकड्यापेक्षा तो स्थिर असणे अधिक महत्त्वाचे. आज ७, परवा ११ असे झोके प्रवाळाला सोसत नाहीत. तसेच आकडा विचित्र आला तर औषध ओतण्याआधी दुसऱ्या साधनाने खात्री करून घ्यावी, कारण पुष्कळदा पाणी निर्दोष असते आणि मापकच चुकलेला असतो.

आपल्या ग्वाल्हेरच्या हवेचा विचार येथे वेगळा केला पाहिजे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते. दोनशे लिटरच्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडाले असे धरा. मीठ उडत नाही. पाच दिवस दुर्लक्ष झाले की पाणी १९० लिटर उरते आणि ३५ ची क्षारता जवळजवळ ३७ होते. यावर उपाय म्हणून खारे पाणी घालू नये. गोडे शुद्ध पाणी रोज थोडे थोडे भरावे. पाण्याच्या पृष्ठावर पंख्याचा वारा सोडला तर, आपला कूलर खोली गार करतो त्याच न्यायाने, पाणी दोन-तीन अंश उतरते. पण मग बाष्पही अधिक जाते, आणि भरावयाचे पाणी वाढते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कूलरप्रमाणेच हा उपायही फिका पडतो. तेथे खोलीचे वातानुकूलन किंवा पाणी गार करणारे यंत्रच हवे. याखेरीज वीज गेली की पाणी खेळणे थांबते व प्राणवायू कमी होतो, म्हणून निदान एक हवेचा पंप इन्व्हर्टरवर असावा. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि कूपनलिकेच्या पाण्यात नाना क्षार असतात. समुद्राचे मीठ कालवण्यासाठी आर. ओ. यंत्रातून गाळलेले पाणीच घ्यावे.

आता उपचार. पहिले काम म्हणजे गेल्या पंधरा दिवसांत काय बदलले ते आठवणे : नवा दिवा, नवा मासा, मिठाचा नवा छाप, भिंतीला दिलेला रंग. दुसरे, एकूण पाण्याच्या दहा ते वीस टक्के पाणी, तेवढ्याच तापमानाचे व क्षारतेचे करून, बदलणे. तिसरे, एका वेळी एकच सुधारणा करून काही दिवस वाट पाहणे; पाच औषधे एकदम ओतली तर कशाने बरे झाले वा बिघडले ते कळतच नाही. विरंजनात दिवा मंद करावा, तापमान हळूहळू, दिवसाला अंशभर उतरवावे आणि बारीक अन्न द्यावे. शैवाल परत यावयास कित्येक आठवडे लागतात, तेव्हा धीर धरावा. बुळबुळीत थर असेल तर प्रवाळ वेगळ्या भांड्यात काढून थर नळीने ओढून टाकावा, आयोडिनच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ बुडवावा आणि निरोगी फांदी कापून वेगळी वाढवावी. झपाट्याच्या क्षयातही निरोगी शेंडा कापून घेणे हाच बहुधा एकमेव मार्ग असतो. माणसाचे प्रतिजैविक मात्र टाकीत ओतू नये. अमोनिया पचवणारे उपकारक जंतू त्याने मरतात आणि एकाचे दुखणे साऱ्या टाकीचे होते.

एक गोष्ट घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवावी. बटणांच्या गुच्छासारख्या दिसणाऱ्या झोअँथिड जातींपैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. असे दगड उकळू नयेत, गरम पाण्याने धुऊ नयेत की कोरडे घासू नयेत. वाफ किंवा तुषार श्वासात वा डोळ्यांत गेल्याने कुटुंबेच्या कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याची उदाहरणे परदेशात घडली आहेत. हात घालताना हातमोजे व चष्मा वापरावा आणि मुलांना लांब ठेवावे.

येथे कायद्याचे सांगणे अवश्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे इत्यादींचा समावेश झाला, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते पहिल्याच अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणे किंवा त्यांचा व्यापार करणे हा वाघाच्या कातडीच्या व्यापारासारखाच गुन्हा आहे. दुकानदार चोरून देतो म्हणून घेऊ नये. यादीत नाव नसलेल्या जातींचेही कागद मागावेत. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना तेथे टाकीतच वाढवलेले प्रवाळ परवान्याने मिळतात. दगडी प्रवाळांची वरील चिकित्सा मुख्यतः त्यांच्या उपयोगाची.

मग आपण काय करावे? आपले प्रवाळ आपल्या किनाऱ्यावरच आहेत. मालवणला शिवाजी महाराजांच्या सिंधुदुर्गाभोवतीच्या उथळ पाण्यात ते वाढतात, आणि १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर पाण्याखाली जे प्रवाळाचे पठार आहे, त्याला कान्होजी आंग्र्यांवरून आंग्रिया बँक म्हणतात. आंग्रे हे नाव तर ग्वाल्हेरकरांच्या ओळखीचेच. घरच्या टाकीत पाणी दोन अंशांनी उतरवता येते, समुद्रात तसे करणारे यंत्र नाही. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा समुद्र अवघा एक अंश अधिक तापून काही आठवडे तसाच राहिला तर विरंजन सुरू होते. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी भारतीय समुद्रांत ते घडले. मोडलेल्या खडकांवर प्रवाळाचे तुकडे लावून वाढवण्याचे काम मन्नारच्या आखातात २००२ पासून झाले आहे. ती पद्धत टाकीतल्या कलमासारखीच आहे, मात्र पाणी तापलेले राहिले तर लावलेली कलमेही पांढरी पडतात.

तेव्हा सुटीत मालवणला जाणाऱ्यांनी पाण्याखाली पाहताना प्रवाळावर पाय ठेवू नये, बोटवाल्याला त्यावर नांगर टाकू देऊ नये, आणि आठवण म्हणून तुकडा उचलून आणू नये. पांढरा पडलेला खडक दिसला तर तो मेलाच असे धरून चालू नये. जवळून पाहता त्यावर पारदर्शक मांस दिसले तर तो अजून जिवंत आहे, आणि पाणी वेळेवर थंडावले तर त्याचा रंग परत येऊ शकतो.