काडतुसांचे पुनर्भरण

काडतुसांचे पुनर्भरण म्हणजे एकदा झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा मूळ आकारात आणून, तीत नवा प्राइमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवून नवे काडतूस तयार करणे होय. इंग्रजी भाषेत यास रीलोडिंग किंवा हँडलोडिंग असे म्हणतात. अमेरिकेत पिस्तूल व रिव्हॉल्वर यांच्या नेमबाजीला जोडून हा छंद मोठ्या प्रमाणावर जोपासला जातो. काडतुसांवरील खर्च कमी करणे, आपल्या शस्त्राला अनुरूप असे काडतूस मिळवणे आणि हाताने काम करण्याचा आनंद घेणे, ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत. वजन व मोजमाप यांतील क्षुल्लक चूकही शस्त्र फुटण्यास कारणीभूत ठरू शकत असल्याने, अचूकपणा हा या छंदाचा पाया मानला जातो.

काडतुसाची रचना

आधुनिक काडतुसाचे चार घटक असतात : पुंगळी, प्राइमर, दारू आणि गोळी. पुंगळी बहुधा पितळेची असते. तिच्या बुडाशी असलेल्या खोबणीत प्राइमर बसवलेला असतो. चाप ओढल्यावर शस्त्रातील फायरिंग पिन प्राइमरवर आदळते, त्यातील आघाताने पेटणारे मिश्रण भडकते आणि त्याची ज्वाला बारीक छिद्रातून आत जाऊन दारू पेटवते. दारूच्या ज्वलनातून निर्माण झालेला वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो.

या चार घटकांपैकी प्राइमर, दारू आणि गोळी एका वापरात संपतात. पुंगळी मात्र उरते, आणि सामान्यतः तीच काडतुसाचा सर्वांत महाग भाग असते. पितळ लवचीक असल्यामुळे बार उडताना ते फुगून चेंबरच्या भिंतींना घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ते किंचित आकुंचन पावते, त्यामुळे पुंगळी सहज बाहेर काढता येते. याच गुणामुळे तिला पुन्हा आकार देणे शक्य होते. ॲल्युमिनियमच्या व पोलादाच्या पुंगळ्या सामान्यतः पुनर्भरणासाठी वापरल्या जात नाहीत.

प्राइमरचे दोन प्रकार प्रचलित आहेत. इंग्लंडमधील एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत प्राइमरची ऐरण प्राइमरच्याच आत असते आणि पुंगळीच्या बुडाला मध्यभागी एकच छिद्र असते. अमेरिकेतील हायरम बर्डन यांच्या रचनेत ऐरण पुंगळीच्या बुडाचाच भाग असते आणि तिच्या बाजूंना छिद्रे असतात. दोन्ही रचना १८६० च्या दशकातील आहेत. पुढे इंग्रजाची रचना अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकनाची रचना युरोपात. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीतील वापरलेला प्राइमर मधल्या छिद्रातून एक सुई दाबून बाहेर काढता येतो. बर्डन पद्धतीत तसे करता येत नाही. अमेरिकेत हा छंद फोफावण्यामागे ही तांत्रिक सोय महत्त्वाची ठरली.

पॉइंट २२ या छोट्या काडतुसात स्वतंत्र प्राइमर नसतो. त्याचे आघाताने पेटणारे मिश्रण पुंगळीच्या दुमडलेल्या काठातच भरलेले असते व पिन त्या काठावर आदळून तो चेपते. म्हणून अशा काडतुसांचे पुनर्भरण व्यवहारात केले जात नाही.

इतिहास

धातूची पुंगळी प्रचारात आल्यानंतर लगेचच तिच्या पुनर्वापरास सुरुवात झाली. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत शिकारी व पशुपालक दुकानांपासून दूर राहत असत. त्यांना शिसे वितळवून गोळ्या ओतणे व पुंगळ्या भरणे ही गरजेची कामे होती. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये स्थापन केलेल्या आयडियल कंपनीने सांडशीच्या आकाराची हाताने दाबण्याची अवजारे आणि मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केल्या. ही कंपनी पुढे लायमन या कंपनीकडे गेली.

त्याच वर्षी, म्हणजे १८८४ मध्ये, फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू तयार केली. जुन्या काळ्या दारूच्या तुलनेत ती वजनाने फारच कमी लागत असे. या बदलाने पुनर्भरणाचे स्वरूप पालटले व त्यातील मुख्य धोकाही जन्माला आला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर अमेरिकेत अवजारे व गोळ्या बनवणाऱ्या अनेक लहान कंपन्या उभ्या राहिल्या. आरसीबीएस (१९४३) व हॉर्नडी (१९४९) ही त्यांपैकी ठळक नावे होत. हौशी मंडळींच्या प्रयोगांतून कारखानदारीलाही दिशा मिळाली. आयडाहो राज्यातील पशुपालक व लेखक एल्मर कीथ यांनी पॉइंट ४४ स्पेशल या काडतुसाची शक्तिशाली रूपे घरी तयार केली होती. त्यांच्या आग्रहातून १९५५-५६ मध्ये स्मिथ अँड वेसन व रेमिंग्टन या कंपन्यांनी पॉइंट ४४ मॅग्नम हे काडतूस बाजारात आणले.

प्रक्रिया

पुनर्भरणाचे काम प्रेस नावाच्या यंत्रावर चालते. प्रेसचा दांडा खाली ओढला की पुंगळी वर जाऊन डाय नावाच्या पोलादी साच्यात शिरते. प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा साचा असतो.

प्रथम पुंगळ्या स्वच्छ करून तपासल्या जातात. तडे गेलेल्या किंवा बुडाजवळ फुगवटा आलेल्या पुंगळ्या बाजूला काढतात. पहिला साचा पुंगळीला दाबून मूळ व्यासाची करतो आणि जुना प्राइमर बाहेर ढकलतो. त्यानंतर नवा प्राइमर खोबणीत बसवला जातो. दुसरा साचा पुंगळीचे तोंड किंचित उमलवतो, जेणेकरून गोळी न खरवडता आत बसेल. मग मोजलेली दारू ओतली जाते. पुढच्या साच्यात गोळी ठरावीक खोलीपर्यंत बसवून पुंगळीचे तोंड तिच्याभोवती आवळले जाते. गोळी किती खोल बसली यालाही महत्त्व आहे. ती प्रमाणाबाहेर खोल गेली तर आतील जागा कमी होते आणि दाब वाढतो.

प्रेसचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकटप्पी प्रेसवर एका वेळी एकच क्रिया होते. सर्व पुंगळ्यांवर ती पूर्ण झाल्यावर साचा बदलतात. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर अनेक पुंगळ्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात आणि दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यात एक काडतूस तयार होऊन बाहेर पडते. पहिला प्रकार संथ आहे, परंतु त्यात भरलेल्या सर्व पुंगळ्या एका ठोकळ्यात उभ्या करून, गोळ्या बसवण्यापूर्वी दिव्याच्या उजेडात एकेक पाहता येते. म्हणून नवशिक्यांना तोच सुचवला जातो.

दारूचे प्रमाण तोंडी माहितीवरून किंवा अंदाजाने ठरवले जात नाही. दारू व गोळ्यांचे उत्पादक चाचण्यांवर आधारलेल्या पुस्तिका प्रसिद्ध करतात. त्यांतील किमान प्रमाणापासून आरंभ करावा, असा संकेत आहे. अमेरिकेत काडतुसांच्या कमाल दाबाची मानके सामी ही १९२६ मध्ये स्थापन झालेली संस्था ठरवते. पॉइंट ३८ स्पेशलसाठी ही मर्यादा प्रति चौरस इंच १७,००० पौंड आहे, तर पॉइंट ३५७ मॅग्नमसाठी ३५,००० पौंड. दोन्हींच्या गोळीचा व्यास सारखाच असल्यामुळे दुसऱ्याची पुंगळी मुद्दाम सुमारे ३ मिलिमीटर लांब ठेवली आहे, जेणेकरून ते काडतूस पॉइंट ३८ च्या रिव्हॉल्वरमध्ये बसणार नाही.

नेमबाजीतील उपयोग

अमेरिकेतील पारंपरिक पिस्तूल स्पर्धा बुल्सआय या नावाने ओळखली जाते. तिच्या पूर्ण स्वरूपात २७० बार व २७०० गुण असतात, आणि पॉइंट २२, कोणतेही सेंटरफायर व पॉइंट ४५ असे तीन भाग असतात. ५० व २५ यार्डांवरून एका हाताने नेम धरायचा असल्यामुळे सौम्य झटक्याचे व एकसारखे काडतूस हवे असते. अशी काडतुसे स्वतः भरणे ही या खेळाची जुनी रीत आहे.

१९७६ मध्ये स्थापन झालेल्या आयपीएससी या संस्थेच्या गतिमान स्पर्धांत पॉवर फॅक्टर ही संकल्पना वापरतात. गोळीचे ग्रेनमधील वजन व तिचा फूट प्रतिसेकंद वेग यांचा गुणाकार करून त्यास १००० ने भागले की हा आकडा मिळतो. उदाहरणार्थ, १२४ ग्रेनची गोळी १०५० फूट प्रतिसेकंद वेगाने गेल्यास पॉवर फॅक्टर १३०.२ येतो. किमान मर्यादा १२५ असल्याने हे काडतूस पात्र ठरते. मर्यादेच्या किंचित वर राहून झटका कमीत कमी ठेवणे हे स्पर्धकाचे उद्दिष्ट असते.

धोके व सुरक्षितता

या छंदातील सर्वांत गंभीर चूक म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा दारू पडणे. तिचे कारण इतिहासात आहे. पॉइंट ३८ स्पेशल हे काडतूस १८९८ मध्ये सुमारे २१ ग्रेन काळ्या दारूसाठी आखले गेले. आज नेमबाजीसाठी त्यात जेमतेम ३ ग्रेन, म्हणजे सुमारे ०.२ ग्रॅम, धूरविरहित दारू पुरते. एका पौंडात ७००० ग्रेन असल्याने एवढ्या दारूत दोन हजारांहून अधिक काडतुसे भरता येतात. परंतु पुंगळीचा बराच भाग रिकामा राहत असल्यामुळे दुप्पट दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही. काटकसर व धोका दोन्हींचे मूळ असे एकच आहे. दुप्पट दारूने रिव्हॉल्वरचे फिरते चक्र फुटून नेमबाजास व शेजारी उभ्या असलेल्यांस इजा होऊ शकते.

याउलट दारू भरायची राहून गेल्यास केवळ प्राइमरच्या जोराने गोळी नळीत अडकून बसते. बाराचा आवाज दबका येतो. तो दुर्लक्षून पुढचा बार उडवला तर नळी फुटते. म्हणून विचित्र आवाज येताच थांबून, शस्त्र रिकामे करून नळी तपासणे हा कडक नियम आहे.

अपघात टाळण्यासाठी काही शिस्त सर्वत्र पाळली जाते. टेबलावर एका वेळी एकच प्रकारची दारू ठेवावी. ती मूळ डब्यातच राहू द्यावी. काटा वेळोवेळी प्रमाणित वजनाने तपासावा. प्रत्येक तुकडीची नोंद ठेवावी. गप्पा, दूरदर्शन व मद्य यांपासून दूर राहावे. दुसऱ्याने भरलेले काडतूस आपल्या शस्त्रात न वापरण्याचाही संकेत आहे. अनेक शस्त्रनिर्माते पुनर्भरित काडतुसामुळे झालेल्या नुकसानीची हमी देत नाहीत.

शिशाची विषबाधा हा दुर्लक्षित धोका आहे. बहुतेक प्राइमरांत शिशाचे संयुग असल्यामुळे वापरलेल्या पुंगळ्यांवरील काजळीत व त्या स्वच्छ करताना उडणाऱ्या धुळीत शिसे असते. लहान मुलांना ते विशेष घातक असते. कामानंतर हात धुणे, तेथे खाणेपिणे टाळणे व खोली हवेशीर ठेवणे आवश्यक असते.

कायदा व भारतातील स्थिती

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास परवाना लागत नाही. विक्रीचा व्यवसाय करण्यासाठी मात्र तो आवश्यक आहे. दारू व प्राइमर घरी तयार केले जात नाहीत, त्यामुळे हा छंद कारखान्यांवर अवलंबून आहे. २०१३ मध्ये व २०२० च्या महामारीच्या काळात त्यांची मोठी टंचाई निर्माण झाली होती.

भारतात परिस्थिती वेगळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळ्याचे उत्पादन करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे येथे पुनर्भरण हा छंद म्हणून रुजलेला नाही. संघटित क्रीडा नेमबाजी मात्र १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्थापनेपासून विकसित होत गेली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे तिचे संस्थापक होते. ऑलिंपिकमधील पिस्तूल प्रकारांत हवेच्या दाबावर चालणारी किंवा पॉइंट २२ ची पिस्तुले वापरतात, त्यामुळे तेथे पुनर्भरणाचा प्रश्नच उद्भवत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात मिळवलेले सुवर्णपदक याच पॉइंट २२ प्रकारातील आहे.

हेही पाहा

नेमबाजी
पिस्तूल
रिव्हॉल्वर
राही सरनोबत