सांधा बदलतो, मग वेटोळे का जळते?

स्थानकात शिरणारी गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती सांध्यामुळे. सांध्यातील दोन निमुळती पाती जराशी सरकतात आणि गाडीची वाट बदलते. पूर्वी हे काम सांधेवाला तरफ ओढून करीत असे. खऱ्या रेल्वेची प्रमाणबद्ध छोटी प्रतिकृती करणारे लोक हेच काम बटन दाबून करतात. 'एच-ओ' या प्रचलित प्रमाणात सगळे खऱ्याच्या 1/87 असते. दोन रुळांतील अंतर अवघे 16.5 मिलिमीटर. पुण्यात 1998 साली सुरू झालेल्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात असे जग अनेकांनी पाहिले असेल.

आता समजा, शाळेच्या प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी अशी रेल्वे मांडली आहे. सकाळी सांधे छान चालत होते. दुपारी जळका वास आला आणि एक सांधा कायमचा बंद पडला. जोडणी तर बरोबर होती. मग चुकले काय?

सांध्याखाली तांब्याच्या तारेची दोन वेटोळी शेजारी शेजारी असतात आणि त्यांमधून लोखंडाचा एक दांडा सरकतो. डाव्या वेटोळ्यात विद्युतधारा सोडली की दांडा डावीकडे खेचला जातो, उजव्यात सोडली की उजवीकडे. दांडा पात्यांना जोडलेला असतो. पाती एकदा सरकली की छोटी स्प्रिंग त्यांना तिथेच धरून ठेवते. म्हणजे धारेची गरज फक्त सरकण्याच्या क्षणापुरती असते.

खेच जोरदार हवी तर धारा मोठी हवी, म्हणून वेटोळ्याचा रोध मुद्दाम कमी ठेवतात. तो 4 ओम आहे असे धरू. 16 व्होल्ट लावले तर धारा 4 अँपिअर आणि शक्ती 64 वॅट होते. 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या अडीचपट! ट्रान्सफॉर्मर एवढी धारा देऊ शकला आणि ती 10 सेकंद चालू राहिली, तर 640 ज्यूल उष्णता निर्माण होईल. वेटोळ्यात 15 ग्रॅम तांबे असेल, तर त्याचे तापमान सुमारे 110 अंश सेल्सिअसने वाढेल. आणखी थोड्या वेळात तारेवरचा लेप करपतो, वेढे एकमेकांना चिकटतात आणि वेटोळे निकामी होते.

म्हणून इथे दिव्याचा साधा स्विच वापरू नये. दारावरच्या घंटीसारखे, बोट काढताच सुटणारे बटन वापरावे. पण बटनही अडकते, आणि उत्साही पाहुणे ते दाबूनच धरतात. विद्यार्थ्याच्या सावधपणावर विसंबण्यापेक्षा जोडणीच अशी करावी की चूक झाली तरी नुकसान होऊ नये.

यावर उपाय म्हणजे धारित्र, म्हणजेच कपॅसिटर. ट्रान्सफॉर्मरच्या 16 व्होल्ट प्रत्यावर्ती बाजूचे एक टोक डायोड आणि 220 ओम, 2 वॅटचा रोधक यांमधून 4700 मायक्रोफॅरडच्या धारित्राच्या धन टोकाला जोडावे. दुसरे टोक ऋण टोकाला. धारित्र किमान 35 व्होल्टचे असावे. धन टोक दोन्ही वेटोळ्यांच्या सामाईक तारेला जोडावे. वेटोळ्यांची उरलेली टोके एकेका बटनातून ऋण टोकाकडे आणावीत.

काही सेकंदांत धारित्र सुमारे 22 व्होल्टपर्यंत भारित होते. त्यात साठलेली ऊर्जा ½CV² या सूत्राने सुमारे 1.1 ज्यूल येते. बटन दाबताच ती बहुतांशी सेकंदाच्या काही शतांश भागात वेटोळ्यातून वाहून जाते. सुरुवातीची धारा 5 अँपिअरच्या आसपास, म्हणून खेच जोरदार. पण तांब्याचे तापमान पाव अंशानेही वाढत नाही. नंतर बटन कितीही वेळ दाबून धरले तरी धारा 220 ओमच्या रोधकामधूनच यावी लागते. ती इतकी क्षीण असते की वेटोळे कोमटही होत नाही.

दोन गोष्टी विसरू नयेत. वेटोळ्याकडे जाणारी तार जाड घ्यावी. बारीक, लांब तारेचा रोध 1 ओम असला, तर ऊर्जेचा पाचवा हिस्सा तारेतच वाया जातो. पाती अर्धवट सरकतात आणि गाडी घसरते. दुसरे, धारित्राची धन-ऋण टोके उलटी जोडू नयेत. ते फुटू शकते. घरातील 230 व्होल्टच्या बाजूला तर विद्यार्थ्यांनी हातच लावू नये.

रेल्वे नसली तरी हा प्रयोग वर्गात करता येतो. खिळा सैल सरकेल अशा पेनच्या रिकाम्या नळीवर लेप दिलेल्या बारीक तारेचे तीनशे वेढे गुंडाळा. खिळा अर्धा आत ठेवा. 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून रोधकामधून धारित्र भारित करा आणि वेटोळ्याला जोडा. खिळा टुणकन आत जाईल. मग विद्यार्थ्यांना विचारा: खिळ्याला हलवायला शक्ती जास्त लागली, की ऊर्जा? शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक व्याख्या पाठ करून जितका कळत नाही, तितका या एका प्रश्नाने कळतो.