पट्टी हृदयाची, खूण फुप्फुसाची

“चालताना धाप लागते, एकदा कार्डिओग्राम काढून टाका,” असे म्हणत येणारे दवाखान्यात रोज दोन-तीन जण तरी असतात. पट्टी काढावी, झटक्याची खूण दिसू नये, की रुग्ण खूश आणि डॉक्टरही मोकळे. धाप मात्र होती तिथेच राहते.

२०१४ च्या पावसाळ्यात शेजारच्या गावच्या एक मावशी मुलाला घेऊन आल्या. वय ५८. तुराट्या-पऱ्हाट्या जाळून चाळीस वर्षे चुलीपुढे स्वयंपाक केलेला. मिश्रीची सवय होती, पण विडी कधी ओठाला लावली नव्हती. “डाक्टर, हापशावरनं घागर आणताना दोनदा टेकावं लागतं,” म्हणाल्या. मी कार्डिओग्राम काढला. पट्टीच्या कडेला यंत्रानेच छापले होते : हृदयाच्या पुढच्या भागाला पूर्वी झटका येऊन गेल्याची शक्यता. मीही ते खरे मानले आणि हृदयाच्या गोळ्या सुरू केल्या. मावशींनी त्या दोन वर्षे नेमाने घेतल्या. धाप वाढतच गेली.

शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी, म्हणजे इको, केली. हृदय चांगले हलत होते, झटक्याचा मागमूस नव्हता. पण इको करणाऱ्या डॉक्टरांनी एक वाक्य लिहिले होते : फुप्फुस आड येत असल्याने चित्र नीट मिळत नाही. ते वाचून मी जुनी पट्टी काढून पुन्हा टेबलावर पसरली. सारे तिथेच होते. मी पाहिले नव्हते.

पट्टीवर प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला एक लहानशी टेकडी असते, तिला ‘पी’ म्हणतात. ही हृदयाच्या वरच्या कप्प्यांची. मागून येणारा उंच सुळका खालच्या कप्प्यांचा. वर्षानुवर्षांच्या धुराने फुप्फुसे खराब झाली की आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. छाती हवेने फुगलेली राहते, पोट आणि छाती यांमधला पडदा खाली दाबला जातो आणि एरवी तिरपे असणारे हृदय उभे लोंबते. मग विजेचा प्रवाहही सरळ खाली, पायांच्या दिशेने जातो. पायाकडून पाहणाऱ्या लीडमध्ये ‘पी’ उंच व टोकदार दिसतो. उंची अडीच बारीक चौकोनांच्या वर गेली तर हृदयाच्या उजव्या बाजूवरही ताण आला असावा. डाव्या खांद्याकडून पाहणाऱ्या ए.व्ही.एल. या लीडमध्ये तोच ‘पी’ उलटा पडतो. शिवाय हवेतून वीज नीट वाहत नाही, म्हणून सुळके बुटके निघतात आणि छातीवरच्या पहिल्या तीन-चार लीडमध्ये ते वाढतच नाहीत. नेमके असेच चित्र जुन्या झटक्यातही दिसते. यंत्र फसले ते इथे. त्याच्याबरोबर मीही.

मात्र एवढ्यावरून कोणी घरातल्या जुन्या पट्ट्या काढून निदान करायला बसू नये. सडपातळ, उंच तरुणाचे हृदयही उभे असते, त्यात आजार काही नाही. उलट आजार सुरुवातीचा असेल तर पट्टी अगदी स्वच्छ येते. म्हणून फुप्फुसासाठी मुद्दाम कार्डिओग्राम काढण्यात अर्थ नाही. परदेशात हजारो पट्ट्या संगणकाला शिकवून हा आजार ओळखण्याचे प्रयोग अलीकडे झाले आहेत. त्यांतून निघायचे ते निघो. आज आपल्या हाती आहे ते इतकेच की, रक्तदाबासाठी, ऑपरेशनपूर्वी किंवा शिबिरात पट्टी काढलेलीच असते, तीत ए.व्ही.एल.कडे एक नजर टाकावी. ‘पी’ उलटा दिसला आणि माणूस चाळिशीपुढचा, विडीचा किंवा चुलीचा असला, तर पुढची पायरी ठरलेली.

ती पायरी म्हणजे स्पायरोमेट्री. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोराने, निदान सहा सेकंद, सारी हवा फुंकायची. श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध ओढल्यानंतरही पहिल्या सेकंदात सत्तर टक्क्यांपेक्षा कमी हवा बाहेर आली, तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्या आहेत असे धरतात. सुई नाही, दुखणे नाही. मात्र फुंकायचा आळस केला तर आकडे खोटे येतात, आणि आपली माणसे लाजून हळूच फुंकतात, हा माझा अनुभव.

मावशींच्या फुंकरीने निदान पक्के केले. झटक्यासाठीच्या गोळ्या बंद झाल्या, ओढायचा पंप सुरू झाला. गेलेले फुप्फुस परत येत नाही, हे मुलाला स्पष्ट सांगितले. त्याने गॅस घेतला, पण भाकरी चुलीवरचीच हवी हा हट्ट घरच्या पुरुषांनी सोडायला आणखी एक वर्ष घेतले. पंप “सवय लागेल” म्हणून मावशींनी मध्येच दोनदा सोडला, आणि दोन्ही वेळा रात्री-अपरात्री मला उठवले. आता घागर सून आणते. मावशी चालत दवाखान्यात येतात, वाटेत एकदाच टेकतात.