मुलाखतीला जाताना पिशवीत काय आहे?

आज आपण तुरुंगाबद्दल बोलणार आहोत. "आमचा काय संबंध?" असं कुणी म्हणेल. पण आपल्याच गटांत अशा बाया आहेत, ज्यांचा नवरा, मुलगा नाहीतर भाऊ सोलापूरच्या जिल्हा कारागृहात आहे, किंवा शिक्षा लागून येरवड्याला गेला आहे. बैठकीत त्या हप्ता भरतात आणि गप्प बसतात. त्यांच्यासाठी हे बोलणं आहे.

एका ताईंना दिराच्या मित्राने कागदात गुंडाळलेली वस्तू दिली. "वहिनी, मुलाखतीला चाललाच आहात तर एवढं त्याला द्या, आतला माणूस सांभाळून घेईल." उघडून बघितलं तर अंगठ्याएवढा मोबाइल आणि सिमकार्ड. त्यांनी ते परत केलं. त्यावर घरात भांडण झालं, "नवऱ्यासाठी एवढंही करत नाहीस" असं सासूने ऐकवलं. बाईची कोंडी होते ती इथे. म्हणून कायदा काय म्हणतो ते घरात सांगता आलं पाहिजे.

या बाबतीत आजवर चालत आलेला कायदा १८९४ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. त्याचं कलम ४२ सांगतं की बंदी असलेली वस्तू तुरुंगात नेणं, बाहेर आणणं किंवा तसा नुसता प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे वस्तू आत पोचली नाही, दारातच पकडली, तरी गुन्हा होतोच. आणून देणाऱ्याला मदत करणाराही त्यात येतो, आणि माहीत असून डोळेझाक करणारा जेलचा कर्मचारीसुद्धा.

२०० रुपये ऐकून हसू नका. आज तेवढ्यात एसटीचं जाण्यायेण्याचं भाडंही सुटत नाही, पण खरा भार दंडाचा नसतो. कोर्टाच्या तारखा, वकील, बुडालेली मजुरी आणि नावावर लागलेला गुन्हा, हे सगळं बाईच्या वाट्याला येतं. शिवाय आता शिक्षा वाढवण्याकडेच कल आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांसाठी जो नमुना कायदा केला, त्यात कैद्याजवळ मोबाइल सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद सुचवली आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही डिसेंबर २०२४ मध्ये कारागृहांसाठीचा नवा कायदा मंजूर केला.

एका फोनचं एवढं काय, असंही विचारतात. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून ३१ मार्च २०१५ ला पाच कैदी पळाले. त्यानंतरच्या झडत्यांत आतून मोबाइल निघत राहिले. आतून फोन करता आला की साक्षीदाराला धमकावता येतं, खंडणी मागता येते. तो साक्षीदार आपल्याच गावातली एखादी बाई असू शकते. आणि सिम तुमच्या आधारकार्डावर घेतलेलं असेल तर चौकशीला पोलीस आधी तुमच्याच दारात येतील. म्हणून "फक्त सिम काढून दे" यालाही नाहीच म्हणायचं.

आतल्या माणसाचंही नुकसान होतं. मोबाइल सापडला की तो तुरुंगातला गुन्हा धरतात. चांगल्या वागणुकीमुळे शिक्षेत मिळणारी सूट जाऊ शकते, भेटी बंद होऊ शकतात. लवकर घरी यावा म्हणून आपण दिवस मोजायचे आणि फोनपायी तेच दिवस वाढायचे!

बोलायची सोय नाही असं मात्र नाही. २०२३ मध्ये येरवड्यापासून स्मार्टकार्डवर फोन करण्याची सोय सुरू झाली. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सहा मिनिटं. घरचा नंबर आधी नोंदवून घ्यावा लागतो, म्हणून सारखा नंबर बदलू नका. ई-मुलाखत म्हणजे व्हिडिओवर भेट. तिची नोंदणी ऑनलाइन होते. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या सेवा केंद्रातून करून घ्या, ओळखपत्र बरोबर न्या. येरवड्याची एक फेरी वाचली तरी दिवसाची मजुरी आणि भाडं वाचतं.

प्रत्यक्ष भेटीला गेलात तर स्वतःचा मोबाइल आत नेऊ नका. दुसऱ्याने दिलेली पिशवी घेऊ नका, चप्पल दिली तरी नको. संशय आला तर झडती घेण्याचा अधिकार जेलरला आहे. पण त्याच १८९४ च्या कायद्यात हेही लिहिलं आहे की भेटायला आलेल्या माणसाची झडती कैद्यासमोर किंवा दुसऱ्या भेटणाऱ्यासमोर घ्यायची नाही. बाईची झडती बाईनेच, मर्यादा सांभाळून घ्यायची. झडतीला नकार दिला तर भेट नाकारता येते, मात्र तसं कारण त्यांना नोंदवावं लागतं. काय नेणं गुन्हा आहे आणि शिक्षा किती, याचा फलक तुरुंगाबाहेर लोकांच्या भाषेत लावायचा, असंही त्यात आहे. वाचता येत नसेल तर रांगेतल्या कुणाकडून वाचून घ्या.

आणि कुणावर अशी केस झालीच, तर वकिलासाठी गटाचं कर्ज काढायची घाई करू नका. महिलांना आणि कोठडीतल्या माणसांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. फोनवर विचारायचं असेल तर नंबर आहे १५१००. पुन्हा सांगते, एक पाच एक शून्य शून्य. गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.