चार देश आणि एक टोळ

मे 2020 मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत टोळधाड उतरली. शेतकऱ्यांनी डबे-थाळ्या बडवल्या, धूर केला. काही ठिकाणी अग्निशमन बंबातून औषध फवारावे लागले. संत्र्याच्या बागा वाचवायची धडपड सुरू होती, पण या संकटाची सुरुवात विदर्भापासून फार दूर झाली होती.

2018 मध्ये मेकुनू आणि लुबान ही दोन चक्रीवादळे अरबी द्वीपकल्पावर धडकली. रब अल-खालीच्या ओसाड वाळवंटात पाणी साचले, हिरवळ उगवली आणि ओलसर वाळूत टोळांनी अंडी घातली. अनुकूल हवामानात टोळ एका पिढीत साधारण वीसपट होतात. तिथे लागोपाठ तीन पिढ्या वाढल्या, म्हणजे आठ हजारपट! आणि त्या निर्मनुष्य भागात लक्ष ठेवायला कोणी नव्हते. तिथून ते येमेन आणि इराणकडे निघाले. 2019 मध्ये पाकिस्तान आणि राजस्थान गाठले.

वाऱ्याची साथ असली की वाळवंटी टोळ दिवसाला 150 किलोमीटरपर्यंत मजल मारतो. एक चौरस किलोमीटरचा थवा पस्तीस हजार माणसांइतके अन्न एका दिवसात फस्त करतो. पंख फुटून थवा उडाला की उशीर झालेलाच असतो. त्याला गाठायचे ते पिल्ले जमिनीवर सरपटत-उड्या मारत असतात तेव्हा, आणि ती जमीन बहुधा शेजाऱ्याची असते.

हे ओळखूनच 1964 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या छत्राखाली नैर्ऋत्य आशियाचा टोळ आयोग स्थापन झाला. सदस्य चारच: भारत, पाकिस्तान, इराण, अफगाणिस्तान. वसंतात इराण आणि पाकिस्तानचे पथक बलुचिस्तानच्या दोन्ही बाजूंनी पाहणी करते. तिथली वीण फसली की राजस्थानचा पावसाळा निर्धास्त जातो. बाडमेरमधील मुनाबाव आणि पलीकडचे खोखरापार इथे भारत-पाकिस्तानचे टोळ अधिकारी पावसाळ्यात भेटत आले आहेत. विषय ठरलेला: कुठे अंडी दिसली, वारा कुठला, औषध कुठे मारले. काश्मीरचा प्रश्न त्या टेबलावर येत नाही, म्हणूनच हे टेबल टिकले असावे.

2020 मध्ये करोनामुळे प्रत्यक्ष भेटी बंद झाल्या, तेव्हा चारही देशांचे तज्ज्ञ दूरदृश्य बैठकांतून बोलत राहिले. त्याच वर्षी एचआयएल या भारतीय सरकारी कंपनीने इराणला 25 टन मॅलेथिऑन हे कीटकनाशक पाठवले. यात परोपकार कमी आणि हिशेब जास्त होता: इराणमध्ये मेलेला टोळ राजस्थानात येत नाही.

या व्यवस्थेला अर्थात मर्यादा आहेत. अरबस्तानातले वाळवंट या आयोगाच्या कक्षेबाहेर आहे, आणि युद्धाने पोळलेल्या येमेनमध्ये पाहणी पथके सगळीकडे पोहोचत नाहीत. टोळ शांत असले की निधी आणि माणसे आटतात, ही तर सगळीकडचीच रड. दिल्लीने खर्चाला कात्री लावायचीच तर ती निदान बलुचिस्तानच्या पाहणीला आणि सीमेवरच्या बैठकांना लावू नये. पुढच्या धाडीची पहिली बातमी तिथूनच येणार आहे.